दाराबाहेरची हजेरी

अक्का गेल्याची बातमी मला बाथरूममध्ये कळली. असल्या गोष्टी लेखात लिहू नयेत असं बायकोचं मत आहे. पण अक्काबद्दल लिहायचं आणि बाथरूम टाळायचं, हे होण्यासारखं नाही. पुढे वाचाल तसं ते कळेलच. मी बँकेतून कधीच निवृत्त झालोय, म्हणून त्या दिवशीही आळशासारखा दुपारी आंघोळीला गेलो होतो. बाहेर फोन वाजला. हिने उचलला, दोन शब्द बोलली आणि ठेवला. मग दारापाशी पावलं आली आणि हिचा आवाज आला, "अहो... हजेरी." मी सवयीने म्हणालो, "हजर." आणि तांब्या हातात तसाच राहिला. कारण आमच्या एव्हरशाईन सिटीतल्या घरात ही हाक कधीच नव्हती. ती माणिकपूरला अक्काच्या घरी मारली जायची, आणि अक्काच मारायची. हिला तर त्या हाकेचा रागच होता. इतक्या वर्षांत तिने तो शब्द थट्टेनेही उच्चारला नव्हता. तिच्या तोंडून तो ऐकला आणि मला पुढचं काही विचारावं लागलं नाही.

अक्का माझी थोरली बहीण. वसई गावातल्या एका मराठी शाळेत तिने जन्मभर पहिली ते चौथीची पोरं सांभाळली. नवरा लवकर गेला. मागे एकच मुलगा, मिलिंद, आमचा मिलू. शाळेत तिची हजेरी बघण्यासारखी असायची. नाव घ्यायची आणि मान वर न करता ऐकायची. पोरगं "हजर" कसं म्हणतं त्यावरून त्याला ताप आहे, का सकाळी घरात भांडण झालंय, का उपाशी आलंय, हे तिला कळायचं. मी एकदा तिच्या वर्गात डबा द्यायला गेलो होतो. एक पोरगा "हजर" म्हणाला, तशी ती पेन खाली ठेवून म्हणाली, "काय रे, काल कुणी मारलं?" मला वाटलं, ही काहीतरी जादूटोणा शिकली असावी. तो पोरगा म्हणजे विन्सी. मिलूच्याच वर्गातला, त्याचा जिवलग. विन्सीची आई मार्थाबाई. पश्चिमेकडच्या गावात त्यांची भाताची शेती आणि केळीची लहानशी वाडी. विन्सी घरी "पानी" म्हणायचा आणि शाळेत "पाणी". गडबडीत कधी वर्गातही "बाई, पानी प्यायला जाऊ?" निघून जायचं आणि पोरं हसायची. अक्का म्हणायची, "हसताय काय? तहान दोन्हीने भागते."

पुढे नव्वद सालानंतर आमच्याकडे बिल्डिंगी वाढल्या, कारखाने वाढले आणि गर्दही आला. ब्राउन शुगरची चिमूटभर पुडी. कुठून येते हे सगळ्यांना ठाऊक आणि कुणालाच ठाऊक नाही. मिलू तेव्हा एका रंगाच्या कारखान्यात नुकता लागला होता. तो कामावर जातो म्हणून निघतो आणि मिठागराकडे जातो, असं कुणीतरी अक्काच्या कानावर घातलं. तिने मला धाडलं. मी इस्त्रीचा शर्ट आणि बँकेची बॅग अशा थाटात बांधावरून चालत गेलो. एका पडक्या कोठीमागे चारपाच पोरं बसली होती. मिलूने मला पाहिलं आणि घाबरून ओरडला, "मामा आला!" आता तो माझा भाचा, मी त्याचा मामा; त्यात चूक काहीच नव्हती. पण बाकीच्या पोरांच्या भाषेत मामा म्हणजे पोलीस. अशी पळापळ झाली की एकाची चप्पल चिखलात रुतली ती तिथेच राहिली. मला बघून कुणी पळावं असा आयुष्यातला तो एकमेव प्रसंग. घरी जाताना मला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. अक्काने विचारलं, "काय करत होती पोरं?" मी म्हणालो, "काही नाही, चांदीच्या कागदावर काहीतरी जाळत होती. फटाक्याची दारू असेल." तिने माझ्याकडे बघितलं आणि स्टोव्ह बंद केला.

दुसरा प्रसंग त्याच वर्षीच्या नाताळाआधीचा. विन्सी मला बाजारात भेटला. अंगावर स्वेटर, तरी कुडकुडत होता. मी विचारलं, "काय रे, बरं नाही का?" तो म्हणाला, "मामा, टर्की लागलीय हो." मी टर्की नावाचा पक्षी फक्त चित्रात बघितलेला. मला वाटलं, यांच्याकडे यंदा नाताळला मोठा बेत दिसतोय. म्हणालो, "वा! मग आम्हालाही एखादा तुकडा पाठव." तो माझ्याकडे बघत राहिला आणि हसायला लागला. एवढा हसला की डोळ्यांतून, नाकातून पाणी यायला लागलं. मी माझा रुमाल दिला. आपण एवढे विनोदी आहोत याचा मला त्या दिवशी शोध लागला... गर्द मिळाला नाही की अंग मोडून येतं, जांभया येतात, डोळे-नाक वाहतं, त्याला ही पोरं टर्की म्हणतात, हे पुढे अक्काने सांगितलं. म्हणजे तो हसत होताच. पण पाणी हसण्याचं नव्हतं. तो रुमाल त्याने धुऊन, घडी करून परत पाठवला होता. माझ्या कपाटात तो अजून आहे. वापरवत नाही आणि टाकवतही नाही.

विन्सीच्या घरच्यांनी त्याला लांबच्या एका केंद्रात ठेवलं. चांगले काही महिने. परत आला तेव्हा गाल भरलेले, केस नीट कापलेले. मार्थाबाईंनी चर्चमध्ये आभाराची मिस्सा सांगितली, घरी जेवण घातलं. आम्हीही गेलो होतो. अक्का मिलूकडे बघत होती आणि मला कळत होतं, तिला काय वाटतंय ते. आपल्या पोराचंही असं झालं तर... तेव्हा नातेवाईक एकमुखाने तिला सांगत होते, मिलूला घराबाहेर काढ, रस्त्यावर आला की सुधारेल. त्या एकमुखात एक मुख माझंही होतं.

त्या जेवणाला फार दिवस झाले नसतील. विन्सी सकाळी आंघोळीला गेला. आतून कडी. नळाचा आवाज येत होता. मार्थाबाई अंगणात भात वाळत घालत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांना वाटलं, पोरगा पाणी फार वाया घालवतोय. त्यांनी हाक मारली, पुन्हा मारली. शेवटी शेजाऱ्यांनी दार तोडलं. इतके महिने शरीराची सवय सुटलेली, आणि त्याने घेतलं होतं पूर्वीइतकंच. शरीराला ते झेपलं नाही. मातीच्या दिवशी मार्थाबाई अक्काचा हात धरून एकच गोष्ट परत परत सांगत होत्या, "बाई, पानी वाहत होतं ना. मला वाटलं, आंघोळ करतोय. पानी वाहत होतं म्हनून..." परत येताना रिक्षात अक्का एवढंच म्हणाली, "विन्सी नेहमी उशिरा हजर म्हणायचा. मी थांबायचे त्याच्यासाठी. तिथे कोण थांबलं?"

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "बाळू, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ये." घरातली ही कामं माझ्याकडे सोपवणं म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत आहे, आमच्या घरातलं एकही चित्र सरळ टांगलेलं नाही. मी तिच्या बाथरूमच्या दाराची आतली कडी काढली आणि कडीबरोबर दाराचा एक चांगला ढलपाही काढला. तो खड्डा अजून आहे. ती म्हणाली, "असू दे. निदान कुणी परत बसवणार नाही." मग मिलूला समोर उभं करून, मुलांना पाढे सांगावेत तशा आवाजात तिने सांगितलं, "आत गेलास की मी हाक मारणार. हजेरी. तू हजर म्हणायचं. नाही म्हणालास तर मी दार उघडणार. लाज वाटली तर वाटू दे, मी तुला न्हाऊ घातलंय." मिलू भिंतीकडे बघत होता. मी तिला स्वयंपाकघरात ओढलं. "अक्का, म्हणजे तो घरात घेणार आणि तू दाराशी उभी राहणार? आपल्या घरात?" ती म्हणाली, "मग कुठे? मिठागराच्या बांधावर? तिथे त्याची हजेरी कोण घेणार?"

तेव्हापासून त्या घरात ही पद्धत पडली, आणि ती सगळ्यांना लागू झाली. कारण एकट्या मिलूलाच विचारलं तर त्याला आरोपी असल्यासारखं वाटेल, हे अक्काचं म्हणणं. पाहुणा असो, गॅसवाला असो, कुणी आत गेलं की जरा वेळाने बाहेरून हाक यायची, "हजेरी!" आतून "हजर" आलं की ती बोटातल्या तांब्याच्या अंगठीने दारावर एकदाच वाजवायची, टक्. म्हणजे ऐकलं, चालू द्या. ती अंगठी तिने सांधेदुखीसाठी घातली होती. सांध्यांना तिचा काही उपयोग झाला नाही. मी पहिल्या खेपेला लाजून गप्प राहिलो. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने तिथे बसून हजेरी कशी द्यायची? परिणाम असा की धाडकन दार उघडलं आणि समोर अक्का. मी, माझा पेपर आणि माझी उरलीसुरली इभ्रत. तिने मला नीट बघितलं आणि म्हणाली, "जिवंत आहेस ना? मग बोलायला काय होतं?" आमच्या हिने हे ऐकल्यावर अक्काकडे जायचं असलं की सकाळपासून पाणी पिणंच सोडलं. भाऊबीजेला ओवाळणी होताच "आम्ही निघतो" म्हणणाऱ्या माझ्या बायकोला लोक तुटक समजतात. खरं कारण आज प्रथमच छापून येतंय.

त्यानंतर काही वर्षांनी मुंबईच्या एका संस्थेने माणिकपूरला एक गाळा भाड्याने घेतला. व्यसन आजच्या आज सोडा, असं तिथे कुणाला सांगत नसत. आधी जगा, मग बघू, असा तिथला कारभार. जखमा धुऊन मलमपट्टी, वापरलेल्या सुया आणून नव्या न्यायच्या, डॉक्टर येई तेव्हा गर्दाची ओढ शमवणारी, जिभेखाली ठेवायची गोळी, आणि पोरांच्या आयांना बसायला दोन बाकडी. अक्का निवृत्त झाली आणि तिथे जाऊन बसली. जाताना मार्थाबाईंना घेऊन गेली. पाटी काय लिहायची असा प्रश्न निघाला, तेव्हा घरातला लेखक म्हणून माझी नेमणूक झाली. मी रात्रभर खपून 'व्यसनमुक्ती प्रबोधन व पुनरुत्थान मंदिर' असं काहीतरी लिहून नेलं. अक्काने वाचलं. "मुक्ती कशाला? मुक्त झाला असं आपण माणूस गेल्यावर म्हणतो." मग मार्थाबाईंनी खडूने दारावर लिहिलं, 'चहा मिळेल'. झालं. दोन दिवस नाक्यावरचे रिक्षावाले चहा प्यायला येत राहिले. पण त्यामुळेच आयाही येऊ लागल्या. कुणी विचारलं तर सांगता यायचं, चहाला गेले होते.

मला मात्र त्या सुयांचं पचत नव्हतं. एकदा मी बोललोच, "अक्का, लोक म्हणतात तू पोरांच्या हातात सुया देतेस." ती म्हणाली, "हातात सुई आहेच रे. चौघांत एक आहे. एकाचा रोग चौघांना, आणि चौघांचा त्यांच्या बायकांना. मी फक्त ज्याची त्याला देते." मी तरी मान हलवत राहिलो, तेव्हा तिने विचारलं, "तू काउंटरवर फाटक्या नोटा बदलून देतोस ना? मग माणसाला विचारतोस का, नोट कशी फाटली?" यावर बँकेच्या नियमांत उत्तर असेल. मी माझा चहा संपवला.

आणि मग तो रविवार. मी सहकुटुंब नव्हे, एकटाच जेवायला गेलो होतो, कारण वर सांगितलंच आहे. सुरमईचं सार, भात. मिलू म्हणाला, हात धुऊन येतो. अक्काने सार चाखून पाहिलं आणि मला वाढता वाढता हाक मारली, "हजेरी!" आत नळ चालू होता. ती थांबली. पळी हातात. "मिलिंद, हजेरी." ... त्या दोन हाकांच्या मधली शांतता मी विसरू शकलेलो नाही; अजून कुठे नळ वाहताना ऐकला की ती माझ्या मागे येऊन उभी राहते. अक्काने दार ढकललं. मिलू भिंतीला टेकून बसलेला, ओठ निळे. तिने त्याला आडवं केलं, मान मागे केली आणि गाळ्यात शिकवलं होतं तसं त्याच्या तोंडात श्वास भरू लागली. मधेच माझ्याकडे बघून ओरडली, "मढ्यासारखा उभा काय राहिलास, रिक्षा आण!" मी धावलो. लुंगी, बनियन आणि उजवा हात सारभाताने भरलेला. नाक्यावरच्या रिक्षावाल्याने मला बघून आधी दुसरीकडे मान वळवली, पण "अक्काबाईंकडे" म्हणताच गाडी वळवली. चहाचं गिऱ्हाईक होतं ते. इस्पितळात त्याला इंजेक्शन दिलं. मिलूने डोळे उघडले तेव्हा त्याच्या तोंडाला माशाच्या साराचा वास येत होता. तो अक्काचा श्वास होता. त्याला वाटलं आपण घरीच आहोत, आणि तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "हजर." अक्का व्हरांड्यात गेली. रडताना कुणाला दिसू नये म्हणून तिने तोंड भिंतीकडे केलं होतं. तिथे एक नर्स तिला म्हणाली, "आजी, दोन मिनिटं उशीर झाला असता तर..." अक्का म्हणाली, "दाराला कडी असती तर."

मिलू पुढे गोळीवर राहिला. मधे दोनदा घसरला, पुन्हा गाळ्यावर आला. तो सुटला असं मी लिहिणार नाही, अक्काला तो शब्द खपायचा नाही. आज तो त्याच गाळ्यात काम करतो. पाठीला सुया-मलमपट्टीची पिशवी लावून त्याच बांधांवर फिरतो, जिथे त्याने एकदा मामा आला म्हणून आरोळी ठोकली होती. अक्का मात्र त्याची हजेरी घ्यायची थांबली नाही. केस पिकलेला मुलगा आतून "हजर" म्हणायचा आणि ती मान खाली घालून ऐकायची, शाळेत ऐकायची तशी. एकदा मी म्हटलं, "आता तरी बास कर." ती म्हणाली, "त्याला चालतं. मला नाही चालत."

ती गेली गाळ्यातच. दुपारी टेबलावर डोकं टेकून बसली होती. मिलू फेरी करून आला, त्याला वाटलं डुलकी लागली. थट्टेने त्याने टेबलावर बोट वाजवलं आणि म्हणाला, "बाई, हजेरी!"... पुढचं तो सांगत नाही. आम्ही विचारत नाही.

तेराव्याला सगळे माणिकपूरच्या घरी जमलो. भिंतीवर फोटो, समोर वाटीत तिची अंगठी. जेवणं आटोपली आणि मिलू उठून आत गेला. दार लागलं. नळ सुरू झाला. बाहेर खोलीत आम्ही पंधरावीस माणसं, आणि एकेक करून सगळ्यांची बोलणी थांबली. सगळे पाण्याचा आवाज ऐकत होते. अक्का होती तोवर मिलूचं काय होईल हा प्रश्न तिचा होता. त्या क्षणी तो आमच्या सगळ्यांच्या मधोमध येऊन बसला. आता याला विचारणार कोण? आमच्या हिने माझ्या कोपराला हळूच ढोसलं. मी तोंड उघडलं, पण ती हाक मला मारता येईना. ती माझी नव्हतीच. पाणी वाहत होतं...

उठल्या त्या मार्थाबाई. आता वाकल्या आहेत, भिंतीला हात लावत चालतात. ज्या बाईने आयुष्यात एकदा वाहत्या पाण्यावर विश्वास ठेवला, ती त्या बिनकडीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. "मिलू, हजेरी." काही नाही. "मिलू, बाबा. हजेरी दे." नळ बंद झाला. मग आवाज आला, "हजर, मावशी." मार्थाबाई मान खाली घालून तो आवाज ऐकत राहिल्या, थेट अक्कासारख्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "रडतोय. दुसरं काय नाय. रडू दे." आणि येऊन आपल्या जागेवर बसल्या. खोलीतली माणसं पुन्हा हळूहळू बोलायला लागली. आमच्या हिने तांब्यातून पेलाभर पाणी ओतून घेतलं आणि प्यायली. त्या घरात तिला पाणी पिताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बाकीचे पाहुणे निघाल्यावर मी हातपाय धुवायला आत गेलो. कडीच्या जागी मी पाडलेला खड्डा तसाच होता. अक्काने त्यात कधीतरी साबणाची चीप दाबून बसवली होती, ती वाळून दगड झाली होती. मी उभा राहिलो. हाक येणार नव्हती हे मला माहीत होतं, तरी कान दाराकडेच. शेवटी कुणी न विचारताच मी म्हणालो, "हजर." आवाज माझा मलाच लहान मुलासारखा वाटला...

आणि दारावर वाजलं. एकदाच. टक्.

मी बाहेर आलो तेव्हा बोळात कुणी नव्हतं. मिलू गॅलरीत पाठमोरा उभा होता, मार्थाबाई आणि ही स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या. अंगठी फोटोसमोर वाटीत होती. दार कुणी वाजवलं, हे मी कुणालाच विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी "मीच" म्हणालं असतं.